व्यंकट मिस्त्रींची दहा वर्षं

"सर, लवंगेनं वास जात न्हाई. वास पोटातून येतो."

व्यंकट मिस्त्री माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. सकाळचे सहा वाजले होते. आमच्या कोचिंग क्लासच्या नव्या हॉलला गिलावा चालला होता आणि मिस्त्री परांचीवर उभे होते. मी खालून चाललो होतो, हातात खडूचा डबा आणि तोंडात चार लवंगा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम हे! मला असा संताप आला की विचारू नका. मी मान वर करून म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. ते शांतपणे म्हणाले, "तेच करायलोय," आणि थापीनं भिंत सारखी करू लागले.

त्या काळात लातुरात दोनच गोष्टी जोरात होत्या, बांधकाम आणि क्लास. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून आईबाप पोरांना घेऊन यायचे आणि एका खोलीत चार कॉटवर त्यांना ठेवून जायचे. मी धर्माबादचा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालो, नोकरी मिळेना म्हणून लातूरला आलो आणि क्लासमध्ये चिकटलो. पोरांना माझं शिकवणं आवडायचं, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं सांगणारं त्या वर्षी कुणी उरलं नव्हतं. इथेनॉलचे गुणधर्म मी फळ्यावर असे रंगवून शिकवायचो की संस्थाचालक दारात उभे राहून ऐकायचे. ते ज्ञान मला कुठून येतं हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

नंतर माहीत झालं. एके सकाळी मी आदल्या दिवशीचाच धडा त्याच बॅचला पुन्हा शिकवला. अक्षर न् अक्षर तेच, मधले विनोदसुद्धा तेच. शंभरेक पोरं गप्प बसून होती, काही तर पुन्हा उतरवून घेत होती. तास संपल्यावर चालकांनी बोलावलं आणि आवाज न चढवता सांगितलं की पुन्हा असं झालं तर या गावातल्या कुठल्याच क्लासमध्ये तुम्हाला फळा मिळणार नाही. बायको सुनंदा त्याच्या दोन महिने आधीच मुलीला घेऊन कंधारला माहेरी गेली होती. जाताना भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी हॉलच्या पायरीवर बसलो होतो. मिस्त्री खाली उतरले, हातपाय धुतले आणि शेजारी येऊन बसले. उपदेश करतील म्हणून मी तयारीतच होतो. आजवर मला पुष्कळांनी उपदेश केला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी चारच दिवस घेतल्या. सासऱ्यांनी दर्ग्यात नेऊन जन्माची शपथ घ्यायला लावली, ती मी कंधारच्या बसस्टँडपर्यंत पाळली. मिस्त्रींनी मला काहीच विचारलं नाही. ते आपलंच सांगायला लागले. आपण बाटली पाण्याच्या टाकीत कशी लपवायचो, मुकादमापुढं तोंड फिरवून कसं बोलायचो, हात कापायला लागले की थापी कशी मुठीत आवळायचो. मी ऐकतोय आणि मला वाटतंय, हा माणूस माझ्या घरात राहून गेला की काय? डॉक्टरांना दारूची माहिती होती. मिस्त्री तिच्यासोबत राहिले होते.

मी म्हटलं, मिस्त्री, माझ्याकडून जन्मभराचं होणार नाही.

"जन्माचं कोण मागायलंय?" ते म्हणाले. "जन्माची शपथ लई जड असती सर, एका माणसाला उचलत न्हाई. संध्याकाळपत्तूर ऱ्हावा. संध्याकाळी सलीमभाईच्या दुकानात या. पुढचं तिथं बघू."

सलीमभाई गादीवाले. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं आणि मागं कापसाची कोठी. तिथं रोज संध्याकाळी सात वाजता आमच्यासारख्या लोकांची बैठक भरायची. ना बोर्ड, ना वर्गणीची पावती. कापसाच्या पोत्यांवर आम्ही सात-आठ जण बसायचो, आणि काडी ओढायला मनाई असल्यामुळं बिडीवाले आधीच बाहेर ओढून घ्यायचे. सलीमभाई स्वतःही त्यातलेच. त्यांच्या घराण्यात दारूचं नाव घेणंसुद्धा हराम, आणि त्यांनी आठ वर्षं ती रजयांच्या घडीत लपवून प्यायली होती. रीत साधी होती. जो बोलेल त्यानं आधी आपलं नाव सांगायचं, नुसतं नाव, आडनाव नाही. मी दारुडा आहे म्हणायचं. किती दिवस झाले ते सांगायचं. आणि मग स्वतःचं बोलायचं, दुसऱ्याला अक्कल शिकवायची नाही. इथलं इथंच ठेवायचं, उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. नवा माणूस दाराजवळच्या पोत्यावर बसायचा, म्हणजे त्याला वाटलंच तर उठून जाता यावं. पुष्कळ जात. मीही पहिल्या आठवड्यात दोनदा गेलो.

दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री माझ्या खोलीच्या दारात. हातात थापीची पिशवी, कामावर जाता जाता आलेले. काल का गेलात म्हणून विचारायचं नाही. "चहा टाका सर," म्हणायचं आणि खाली बसायचं. मला हातापायाला थरथर सुटली, घाम फुटला, तेव्हा मात्र त्यांनी बैठक-बिठक काही म्हटलं नाही, सरळ रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. "ह्ये डॉक्टरचं काम हाय, आपलं न्हाई. आपलं काम नंतरचं," म्हणाले. पाच दिवस मी भरती होतो. पाचही दिवस ते काम सुटल्यावर अंगावर सिमेंटची पांढरी धूळ घेऊन वॉर्डात यायचे. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला वाटलं ते माझे वडील आहेत.

आता मिस्त्रींचंही सांगायला हवं. ते मूळचे औशाच्या पलीकडचे, भूकंपात जी गावं बसली त्यातल्या एका गावचे. गावातली निम्मी घरं त्यांच्या आणि त्यांच्या वडलांच्या हातची, दगड-मातीची, हात हात रुंद भिंतींची. भूकंपाच्या आदल्या रात्री ते पिऊन घरी आले. बायको राधाबाईनं आतून कडी घातली आणि सांगितलं की आज उघडणार नाही. मिस्त्रींनी थोडा दंगा केला आणि गावाबाहेर कडब्याच्या गंजीला टेकून झोपले. पहाटे जमीन हलली. ते उठून धावत आले तेव्हा गल्लीच राहिली नव्हती. राधाबाई आणि सहा वर्षांची लेक दोघी आत.

हे ते बैठकीत सांगायचे, आवाज जरासुद्धा न हलवता. "भिंत मी बांधलेली. कडी तिनं घातलेली. अन् मी वाचलो दारूमुळं. गाव तसंच म्हणायचं, दारूनं वाचिवलं व्यंकट्याला. मग मी तिलाच देव मानलं. देवाला रोज पुजाया पायजे का नको?" भूकंपानंतर मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं त्यांची ही पूजा चालली. मग नांदेडहून रेल्वेतला एक माणूस शेडमध्ये यायला लागला. मदत वाटायला पुष्कळ लोक येऊन गेले होते, ह्यानं काहीच आणलं नाही. नुसता शेजारी बसायचा आणि म्हणायचा, मी पण पीत होतो, आता आजचा दिवस थांबून राहिलो. मिस्त्रींनी त्याला दोनदा हाकललं. तो तिसऱ्यांदा आला. पुढं दीड-दोन वर्षं मिस्त्री दर रविवारी एसटीनं नांदेडला बैठकीला जायचे. वाटेत अहमदपूरला गाडी वीस मिनिटं थांबायची. राधाबाईचा भाऊ किशनराव तिथं आडतीवर होता. मिस्त्री गाडीतून खाली उतरायचे नाहीत, चहालासुद्धा. मग कामासाठी लातुरात आले, तिथं सलीमभाई भेटले आणि दोघांनी मिळून कापसाच्या कोठीतली बैठक सुरू केली.

बोलण्यात सगळं गवंडीकाम. कुणी नवा माणूस उत्साहात येऊन म्हणाला की आता मी सिगारेटही सोडतो, तंबाखूही सोडतो, पहाटे पळायलाही जातो, की मिस्त्री म्हणायचे, "एका दिसात किती थर चढवायचे त्याला माप हाय. जास्त चढवले की रात्रीत पोट काढती भिंत." महिनाभर न पिता राहिलेला कुणी म्हणाला की आता रोज यायची काय गरज, तर म्हणायचे, "स्लॅब टाकून झाला म्हणून पाणी मारायचं थांबिवता का? वरून वाळल्यागत दिसतो, आतून तडकतो." आणि कुणी फारच रडायला लागला तर त्याच्या हातात कापूस द्यायचे, डोळे पुसायला. कोठीत दुसरं होतं काय?

बैठकीनं सगळेच सुटतात असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? काही जण चार दिवस आले आणि दिसेनासे झाले. एक तहसीलचा कारकून तीनदा आला, तीनदा गेला. एक चांगला ड्रायव्हर होता, त्याच्या मातीलाच आम्ही गेलो. मी एकदा चिडून मिस्त्रींना विचारलं की मग ह्या बैठकीचा उपयोग काय? ते म्हणाले, "मी एकटा बसलो की माझं डोकं मला लई हुशारीच्या गोष्टी सांगतं. इथं आलो की कुणी तरी तीच हुशारी आधी करून आपटलेला असतो. एवढाच उपयोग." मला तो पुरला. सहा महिन्यांनी सुनंदा परत आली. पहिला महिनाभर ती माझ्या पिशव्या तपासायची. मिस्त्रींनी सांगितलं, तपासू द्या, तिचा हक्क हाय.

आणि आता माझी करामत सांगतो.

मला दोन वर्षं होऊन गेली होती. मिस्त्रींना दहा व्हायची होती. माझ्या डोक्यात बसलं की सत्कार करायचा. आपल्याकडं ही खाजच आहे. बदली झाली सत्कार, निवृत्ती झाली सत्कार, कुणाचा पोरगा पास झाला तर त्याच्या चुलत्याचाही सत्कार! त्यात मी क्लासवाला माणूस. लातुरात निकाल लागला की चौकात फोटो लागतो, आणि मिस्त्रींच्या दहा वर्षांपुढं कुठल्या पोराचे टक्के मोठे होते? मी बोलून दाखवलं तेव्हा सलीमभाईंनी कानाला हात लावला. इथली गोष्ट इथंच, ही बात आपण कबूल केली आहे ना, म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "फोटू नको सर. ओल्या भिंतीला रंग देऊ नये." मी हसलो. दहा वर्षांची भिंत ओली? ते म्हणाले, "माझी हाय."

मी ऐकलं नाही. त्यांच्या पुतणीच्या लग्नातला फोटो मिळवला, चांगला मोठा फ्लेक्स केला आणि गुणवंत पोरांच्या शेजारी चौकात लावला. 'दहा वर्षे दारूमुक्त, श्री. व्यंकट मिस्त्री यांचा भव्य सत्कार.' आणि खाली, आता लिहायलाही लाज वाटते, 'संयोजक व व्यसनमुक्ती मार्गदर्शक' म्हणून माझं नाव, प्राध्यापक लावून. मी मार्गदर्शक! त्यांची दारू मी चौकात टांगली आणि माझी झाकून ठेवली. चालक सोडले तर क्लासमध्ये, पालकांत, कुणालाच माहीत नव्हतं की मीही त्याच पोत्यावर बसतो. लोकांना वाटलं, सर समाजकार्य करतात. मी तसं वाटू दिलं.

मिस्त्रींनी फ्लेक्स पाहिला आणि तसेच कामावर गेले. कार्यक्रमाला आले, ते माझा मान मोडू नये म्हणून. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. टाळ्या पडल्या. मी माइकवर होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक गृहस्थ उभे राहिले. पांढरी टोपी, हातात पिशवी. हे किशनराव, राधाबाईचे भाऊ. बाजाराला लातूरला आले होते, चौकात फोटो दिसला. बारा वर्षांत त्यांनी मिस्त्रींचं तोंड पाहिलं नव्हतं. ते ओरडले नाहीत.

"दहा वर्सं झाली म्हणता. चांगलं झालं," ते म्हणाले. "बारा व्हायची होती. मग माझ्या बहिणीनं कडी घातली नसती."

आणि निघून गेले. हॉलमध्ये कुणाला काही कळलं, कुणाला नाही. मिस्त्रींनी फेटा उतरवला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि तेही गेले.

तीन दिवस त्यांचा पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी मी आणि सलीमभाई औसा रोडवरच्या एका अर्धवट हॉस्टेलवर गेलो तर वाळूच्या ढिगावर मिस्त्री. दाढी वाढलेली, एक चप्पल पायात, आणि तो वास. मी जवळ गेलो तर त्यांनी तोंड फिरवून घेतलं. सलीमभाई त्यांच्याजवळ बसले आणि मला म्हणाले, सर, तुम्ही जा, मी आहे. मी निघालो. रस्त्यावर आलो आणि डोक्यात एकच गोष्ट घुमायला लागली, की हा माणूस पडला तर आपण कोण लागून गेलो? दोन वर्षं कशाला जीव मारला? पाय आपोआप ओळखीच्या दुकानाकडं वळले. मी पायरीवर उभा होतो, आतला माणूस ओळखून हसलाही. कसा मागं फिरलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. एवढंच आठवतं की धावत कापसाच्या कोठीत गेलो, सलीमभाईच्या कारागिराला म्हटलं मला बसू द्या, आणि सात वाजेपर्यंत पोत्याला घट्ट धरून बसलो.

सात वाजता लोक आले. तो तीनदा पळालेला कारकून त्या दिवशी चौथ्यांदा आला होता आणि दाराजवळच्या पोत्यावर टेकला होता. सव्वासातला सलीमभाई मिस्त्रींना घेऊन आले. अंघोळ घातलेली, सलीमभाईचाच सदरा अंगात, तो त्यांना आखूड होत होता. आम्ही सगळ्यांनी मधली जागा मोकळी केली, त्यांची नेहमीची. ते तिकडं गेले नाहीत. दाराजवळ कारकुनाच्या शेजारी बसले. पाळी आली तेव्हा म्हणाले, "मी व्यंकट. मी दारुडा हाय. आज माझा पहिला दिस."

लपवलं असतं तरी चाललं असतं, आम्ही दोघं सोडून कुणाला माहीत होतं? आजारी होतो म्हणाले असते तर दहाची अकरा झाली असती. मला राहवेना. रीत मोडून मी मध्येच बोललो की चूक माझी आहे, फोटो मी लावला. मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं.

"फोटू तुम्ही लावला सर. बाटली मी उघडली. माझ्या वाटणीचं तुम्ही उचलू नका, तुम्हाला तुमचं हाय."

नंतर कुणीतरी हळहळलं की दहा वर्षं वाया गेली. तर म्हणाले, वाया कशी जातील? भूकंपात भिंती पडल्या, पण नव्या जोत्याला दगड तेच वापरले. तो कारकून मात्र त्या दिवसापासून टिकला. मी त्याला पुढं विचारलं, तर म्हणाला, दहा वर्षांचा माणूस येऊन आपल्याजवळ खाली बसतो, मग मला लाजायला काय झालं?

तेव्हापासून आमचं उलटंपालटं झालं. दिवसांच्या हिशेबानं मी थोरला आणि ते धाकटे. त्यांनी ते खरंच मानलं. रोज सकाळी बॅचच्या आधी मी त्यांच्या खोलीवर जायचो, तर चहा तयार असायचा आणि ते विचारायचे, "सर, आज कसं करू?" मला, ज्याला त्यांनी ओढून आणलं त्याला! सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी म्हटलं, मिस्त्री, मला काय विचारता? ते म्हणाले, "विचारलं की माझं डोकं गप बसतं. उत्तर कसंबी द्या."

चार महिन्यांनी ते अहमदपूरला गेले, एकटे. परत आल्यावर मी काय झालं विचारलं. "गेलो. म्हटलं, किशन, त्या दिवशी मी पिलो, पर तुझ्यामुळं न्हाई. तू बोललास ते बराबरच हाय. मी ते ऐकायलाच आलोय." मग किशनराव काय म्हणाले? "काय न्हाई. पाणी दिलं." एवढं सांगून मिस्त्रींचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

पुढं सिमेंटनं आणि बिडीनं त्यांची छाती धरली. शेवटचे दोन महिने ते दवाखान्यातच होते. मी शाल पांघरून दिली की ते म्हणायचे, फेटा बांधू नका म्हंजी झालं. चेष्टा करायचे माझी. एकदा मात्र हात धरून नीट सांगितलं, "मी गेल्यावर लोक दहा अन् चार चौदा करतील. करू देऊ नका. जेवढं हाय तेवढंच सांगा. न्हाईतर कुणी नवा पडला की त्याला वाटंल, आपलाच पाय कच्चा."

ते गेले तेव्हा स्मशानात गर्दी होती. अर्ध्या हॉस्टेलांच्या भिंती त्यांच्या हातच्या, म्हणून बिल्डर, मुकादम, क्लासवाले, आमचे संस्थाचालक, ओळखीचे पालक, सगळे आले. मूलबाळ उरलं नव्हतं. अग्नी किशनरावांनी दिला, कुणी सांगावं लागलं नाही. मग आपल्या रिवाजाप्रमाणं श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. एका बिल्डरनं सांगितलं की ह्या माणसानं चौदा वर्षं दारूला स्पर्श केला नाही. लोकांनी माना हलवल्या. सलीमभाईंनी माझ्याकडं पाहिलं.

मला भीती वाटली, हे कबूल करतो. आकडा दुरुस्त करून मला खाली बसता आलं असतं. पण तो तुम्हाला कसा माहीत, असं कुणीतरी विचारलं असतं, आणि मी पुन्हा मार्गदर्शक झालो असतो. चार वर्षं ते मला टोचत होतं. समोर चालक होते, माझ्या बॅचच्या पोरांचे बाप होते. मी उभा राहिलो आणि म्हटलं की मिस्त्रींची तीन वर्षं आणि अकरा महिने झाले होते. त्याआधी दहा झाली होती, मग ते एकदा पडले आणि दुसऱ्यांदा उभे राहिले, आणि हे असंच सांगा म्हणून ते मला बजावून गेलेत. "मला हे माहीत आहे," मी म्हटलं, "कारण मीही दारुडा आहे. मला सहा वर्षं झाली. मला त्यांनी वाचवलं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, स्मशानात वाजवतही नाहीत. एका पालकानं मान खाली घातली. सुनंदा बायकांच्या घोळक्यात उभी होती, ती येऊन माझ्या शेजारी थांबली. दुसऱ्या दिवशी चालकांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, सर, चार लोकांत बोलायची काय गरज होती? मी म्हटलं, होती. त्यांनी माझी एक बॅच काढून घेतली. दोन राहिल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता मी आणि सलीमभाई कोठीत बसलो होतो. बाहेर कुणीतरी बराच वेळ घुटमळत होतं. मी उठून पाहिलं तर आमच्या समोरच्या क्लासचे गणिताचे सर. आठ वर्षं आम्ही एकाच टपरीवर चहा पीत होतो, एकमेकांच्या निकालावर जळत होतो, आणि मला कधी शंकाही आली नव्हती. ते आत आले, पोत्यावर अंग चोरून बसले आणि म्हणाले, "काल मी स्मशानात होतो."

एवढंच. अशा वेळी मिस्त्री काय म्हणाले असते ते मी डोक्यात शोधू लागलो, आणि मला एक अक्षर सुचेना. त्यांची फार आठवण आली. मग मी जरा सरकून त्या सरांच्या शेजारी बसलो आणि माझंच सांगायला सुरुवात केली.